राजा सोमेश्वर आणि त्याचा मत्स्यविनोद

इतिहासाच्या पुस्तकांतून राजेरजवाड्यांची जी लांबलचक मिरवणूक आपल्या डोळ्यांपुढून जाते, तीत बहुतेकांच्या हाती खड्ग असते, काहींच्या हाती दानपत्र असते, आणि एखाद्याच्याच हाती लेखणी असते. परंतु गळाची दोरी कशी असावी, कोणत्या जातीच्या माशास कोणते आमिष रुचते व पाण्याकाठी कसे बसावे, हे सांगण्यासाठी ज्याने आपली राजलेखणी झिजविली, असा सम्राट विरळाच. तसा एक राजा सुमारे नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच दख्खनच्या भूमीवर होऊन गेला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर, बिरुदाने भूलोकमल्ल, हा तो राजा होय. त्याचे अल्पसे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

हाच विषय आम्ही का निवडला, हे प्रथम सांगणे इष्ट होईल. आमचा आगाशी गाव पाण्याच्या संगतीत वाढलेला आहे. पश्चिमेस अर्नाळ्याचा किनारा व तेथील कोळी बांधवांच्या होड्या, उत्तरेस वैतरणेची खाडी, आणि वाड्यावाड्यांतून पावसाळ्यात तुडुंब भरणारी बावखले, असा हा मुलूख आहे. मासे धरणे हा येथे अनेक कुटुंबांचा चरितार्थ असून डोल, पाग, गळ ही नावे लहान मुलांसही पाठ असतात. तथापि पोटासाठी मासे धरणे निराळे आणि मासे धरण्याची आवड जडणे निराळे. पहिल्यात जाळे भरले की काम संपले. दुसऱ्यात टोपली रिकामी राहिली तरी मनुष्य दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच काठावर येऊन बसतो. ही आवड मनुष्यास कशी लागते? पाश्चात्त्य देशांत या छंदाचे एक शास्त्रच होऊन बसले आहे. पिसे, लोकर व रेशीम यांची कृत्रिम माशी गळावर बांधून तिने माशास भुलविण्याची कला तेथे वडिलांकडून मुलास मिळत आलेली आहे. आपल्याकडे मात्र गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, किंवा फार तर साहेबलोकांची हौस, अशी समजूत रूढ झाली. सोमेश्वराचे चरित्र या समजुतीस उत्तर देते.

सोमेश्वराचा जन्म ज्या घराण्यात झाला, ते तत्कालीन हिंदुस्थानातील बलाढ्य राजघराण्यांपैकी एक होते. इ. स. ९७३ मध्ये दुसऱ्या तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता मोडून या वंशाचा नवा उदय घडवून आणिला. त्याचा वंशज पहिला सोमेश्वर, ज्यास आहवमल्ल म्हणत, त्याने कल्याणी ही राजधानी केली. हे नगर म्हणजे आजचे कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण होय. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा ज्या पट्ट्यात शेजारणींप्रमाणे नांदतात, त्यात ते वसलेले आहे. आहवमल्ल हा आपल्या चरित्रनायकाचा आजोबा. असाध्य दुखण्याने ग्रासल्यावर या आजोबाने इ. स. १०६८ मध्ये तुंगभद्रेच्या पात्रात उभे राहून जलसमाधी घेतली. नदीच्या कुशीत देह ठेवणाऱ्या या पुरुषाच्या नातवाने पुढे नदीच्या जीवसृष्टीवर लेखणी चालवावी, हा योगायोग मोठा हृद्य वाटतो.

पिता सहावा विक्रमादित्य हा तर आजोबाहूनही मोठा निघाला. इ. स. १०७६ मध्ये तो सिंहासनावर बसला, आणि त्याने त्या वर्षापासून चालुक्यविक्रम नावाची नवी कालगणनाच सुरू केली. सुमारे पन्नास वर्षे त्याने राज्य केले. काश्मीरचा कवी बिल्हण याने त्याचे काव्यमय चरित्र लिहिले. हिंदू धर्मशास्त्रातील मिताक्षरा ही सुप्रसिद्ध टीका लिहिणारा विज्ञानेश्वर त्याच्याच राजधानीत होता. त्याची राणी चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहार राजकुलातील कन्या. तिच्या स्वयंवराचे वर्णन बिल्हणाने केले आहे. ज्या राजवाड्यात एकीकडे मोहिमांचे खलिते येत आणि दुसरीकडे कवी, शास्त्री, वैद्य व गवई यांची वर्दळ चाले, त्या राजवाड्याचे संस्कार सोमेश्वराच्या मनावर उमटले. पित्याविषयी त्याच्या मनात केवढा आदर होता, हे त्याने स्वतः विक्रमांकाभ्युदय नावाचे पितृचरित्र लिहावयास घेतले यावरून दिसून येते. तो ग्रंथ अपुरा राहिला.

इ. स. ११२६ च्या सुमारास विक्रमादित्य निवर्तला व सोमेश्वर गादीवर आला. पर्वतप्राय पित्याच्या मागून राज्य करणे कोणासही सोपे नसते. साम्राज्य विस्तीर्ण होते, आणि विस्तीर्ण साम्राज्याच्या सीमांवर मांडलिक नेहमीच संधीची वाट पाहत असतात. दक्षिणेस होयसळांचा विष्णुवर्धन स्वतंत्र होण्याच्या खटपटीत होता; पूर्वेस वेंगीच्या प्रदेशासाठी चोळांशी जुने वैर होते. अशा स्थितीत नवा राजा गादीवर येतो, आणि तीन वर्षांच्या आत एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करितो. इ. स. ११२९ म्हणजे शके १०५१ हे त्या ग्रंथातील ज्योतिषगणितासाठी आधारभूत धरलेले वर्ष आहे. त्यावरून त्याचा काळ निश्चित करिता येतो. मानसोल्लास हे त्या ग्रंथाचे नाव. अभिलषितार्थचिंतामणि या दुसऱ्या नावानेही तो ओळखला जातो. या विद्वत्तेमुळेच सोमेश्वरास सर्वज्ञ ही पदवी प्राप्त झाली.

मानसोल्लास हा ग्रंथ संस्कृत पद्यात असून त्याचे पाच भाग आहेत. प्रत्येक भागात वीस अध्याय असल्यामुळे त्यास विंशति म्हणतात. एकंदर अध्याय शंभर भरतात. पहिल्या विंशतीत राज्य कोणत्या गुणांनी मिळते ते सांगितले आहे. दुसरीत ते स्थिर कसे राखावे, म्हणजे अमात्य, कोश, दुर्ग, सैन्य इत्यादी राज्याची अंगे कशी असावीत, याचे विवेचन आहे. तिसरीत राजाचे उपभोग, म्हणजे घर, स्नान, वस्त्र, अन्न, विडा यांचे वर्णन येते. चौथीत विनोद म्हणजे मन रमविण्याचे प्रकार, व पाचवीत क्रीडा आहेत. या अनुक्रमाकडे वाचकांनी लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. असत्य न बोलणे, क्रोध टाळणे, अतिथीचा सत्कार करणे, दीन व अनाथ यांचे पोषण करणे, शरण आलेल्याचे रक्षण करणे, हे धडे या राजाने सर्वांच्या आधी घातले. राज्यकारभार त्यानंतर, आणि मासे धरण्याची मौज त्याच्याही पुष्कळ पुढे, चौथ्या विंशतीत. करमणुकीस जीवनात स्थान आहे, परंतु ते कर्तव्याच्या मागून आहे, हे त्याने उपदेशाचा एक शब्दही न बोलता ग्रंथाच्या रचनेनेच दाखवून दिले. त्या पहिल्या विंशतीत आत्मस्तुती वर्ज्य करावी असाही एक अध्याय आहे. निसटलेल्या माशाची लांबी दरवेळी हातभर वाढवून सांगणाऱ्या जगभरच्या गळवाल्यांनी तो अध्याय आवर्जून वाचावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या मराठी भाषेवरही या राजाचे ऋण आहे. महाराष्ट्रात स्त्रिया कांडणाच्या वेळी ओवी गातात, असा उल्लेख मानसोल्लासात आलेला आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीचा हा उल्लेख होय. त्याच ग्रंथाच्या संगीतविषयक भागात एका जुन्या मराठी गीताचा अंशही सापडतो. त्या गीतात विष्णूच्या अवतारांचे वर्णन असून, मत्स्यरूप घेऊन पाताळातून वेद वर आणल्याचा प्रसंग त्यात गायिला आहे. पाकशास्त्राचा इतिहास शोधणाऱ्यांसही हा ग्रंथ मोलाचा वाटतो. कारण मांडे, वडे यांजबरोबर आजच्या इडलीचे व डोशाचे पूर्वजही त्यात भेटतात. आपल्या प्रजेच्या जात्यामुसळापासून चुलीपर्यंत ज्याची दृष्टी पोहोचली, त्या राजाची दृष्टी पाण्याच्या पृष्ठभागावर अडून राहिली नाही, यात नवल नाही.

आता आपण मुख्य प्रकरणाकडे वळू. चौथ्या विंशतीत शस्त्र, शास्त्र, हत्ती, घोडे, मल्लयुद्ध, कोंबड्यांच्या व मेंढ्यांच्या झुंजी, कबुतरे, कुत्रे, ससाणे अशा अनेक विनोदांचे अध्याय आहेत. ससाण्याच्या शिकारीनंतर व मृगयेच्या आधी मत्स्यविनोद येतो. इतर बहुतेक खेळांत आरडाओरडा आहे, धावपळ आहे, प्रेक्षकांची गर्दी आहे. हत्तींच्या झुंजीत राजा सिंहासनावर बसून दुसऱ्यांचे बळ पाहतो. मत्स्यविनोदात मात्र बळाचा उपयोग होत नाही व हुकूमही चालत नाही. नदीतील मासा राजा ओळखीत नाही. तो आमिष ओळखतो, सावली ओळखतो, आणि काठावरील पावलांचा आवाज ओळखतो. ज्याच्या एका शब्दासरशी सेना हलत, त्यास येथे दोरी केव्हा हलेल याची वाट पाहत बसावे लागते. राजास या खेळाची गोडी वाटली, तिचे मर्म यातच असावे असे आमचे मत आहे.

या अध्यायात सुमारे पस्तीस जातींच्या माशांचा विचार केलेला आहे. राजाने त्यांची व्यवस्थित वर्गवारी केली आहे. समुद्रातले व नदीतले. खवल्यांचे व बिनखवल्यांचे. मोठे, मध्यम व लहान, असे त्याचे भेद आहेत. रोहित, पाठीन, सिंहतुंड, महाशील अशी नावे त्यात येतात. त्यांपैकी रोहित म्हणजे आपला रोहू आणि महाशील म्हणजे डोंगरी नद्यांतला महाशीर, असे मत्स्यशास्त्रज्ञ मानितात. सह्याद्रीच्या पायथ्याशी महाड तालुक्यात काळ नदीच्या वाळणकोंडीत हे महाशीर देवीचे मासे म्हणून आजही राखलेले आहेत. त्यांस कोणी गळ लावीत नाही. एवढी वर्गवारी करणाऱ्या पुरुषाने कोळ्यांना व नावाड्यांना जवळ बसवून किती प्रश्न विचारिले असतील, याची कल्पना करावी. कारण हे ज्ञान कोणत्याही पोथीत तयार मिळण्यासारखे नव्हते. ते पाण्यात राबणाऱ्या माणसांच्या तोंडी होते. सम्राटाने त्यांचे शिष्यत्व पत्करिले, म्हणूनच ते ग्रंथात उतरले.

माशांच्या ओळखीनंतर त्यांचे अन्न येते. कोणता मासा धान्याच्या पिठाच्या गोळ्यास भुलतो, कोणास मांस लागते, हे राजा सांगतो. मासे धरावयाच्या आधी ठराविक जागी त्यांस चारा घालून तेथे येण्याची सवय लावावी, असा त्याचा क्रम आहे. ही रीत आजचे निष्णात गळवालेही पाळितात. त्यानंतर दोरी, काठी व गळ यांचा विचार येतो. म्हणजे आधी जलचराचा अभ्यास, मग त्याच्या भुकेचा अभ्यास, आणि सर्वांत शेवटी हत्यार. आमच्या बावखलाकाठी जमणारी मुले बहुधा याच्या उलट क्रमाने जातात. ती आधी बांबू तोडितात, मग गळ मिळवितात, मग हाताला येईल ते आमिष लावितात, आणि घटकाभरात मासा लागला नाही म्हणजे पाण्यात दगड मारून घरी जातात. पण त्यांच्यातच एखादा असा निघतो की, जो दगड मारीत नाही. बुडबुडे कोठे येतात, मरळ कोणत्या वेळी श्वास घेण्यास वर येतो, शेवाळाच्या कडेला काय हालते, हे तो पाहत राहतो. त्या क्षणी त्यास आवड जडली असे समजावे. मासा पुढे केव्हातरी मिळतो. आवड त्याच्या आधीच लागलेली असते.

येथे थोडा वेळ दख्खन सोडून आम्ही वाचकांस सातासमुद्रांपलीकडे नेणार आहो; कारण तुलनेवाचून सोमेश्वराची योग्यता ध्यानात यावयाची नाही. वर जिचा उल्लेख केला, त्या कृत्रिम माशीचा लेखी दाखला फार जुना आहे. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या इलियन नामक रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनिया देशातील एका नदीची हकीकत लिहून ठेविली आहे. तेथील ठिपकेदार मासे पाण्यावर उडणारी एक विशिष्ट माशी खात. ती माशी खरोखरीची धरून गळास लावावी, तर हाताच्या स्पर्शाने तिचा रंग जाई व पंख चुरगळत. तेव्हा तेथील लोकांनी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळिली व तिला कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधिली. आणि मासे त्या सोंगास फसले. पाहा, ही युक्ती कशातून निघाली! मासा काय खातो हे कोणी तरी आधी नीट पाहिले होते. लोकर व पिसे ही त्या पाहण्याची पुढची पायरी होती.

इंग्लंडात या विषयावरील पहिला छापील निबंध इ. स. १४९६ मध्ये प्रसिद्ध झाला. डेम जूलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर तो परंपरेने सांगितला जातो. त्यात बारा प्रकारच्या कृत्रिम माश्या व त्यांचे महिने दिलेले आहेत. सोमेश्वराचा अध्याय त्याच्याही साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा आहे, हे आपण अभिमानाने सांगू शकतो. पुढे इ. स. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन याचे कंप्लीट अँगलर हे जगद्विख्यात पुस्तक निघाले. वॉल्टन हा लंडनमधील कापडाचा व्यापारी. त्याच्या पहिल्या पत्नीची सातही अपत्ये बालपणीच गेली, पुढे तीही गेली, आणि देशात यादवी युद्ध पेटून त्याचे मित्र दिशोदिशी पांगले. अशा काळात नदीकाठच्या शांततेने त्यास आधार दिला, व साठीच्या घरात असता त्याने ते पुस्तक लिहिले. तो स्वतः आमिषाने मासे धरण्यात वाकबगार. कृत्रिम माशीची विद्या त्याने पुष्कळशी दुसऱ्यांकडून घेतली. इ. स. १६७६ च्या आवृत्तीस त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने माशीने मासे धरण्यावरील स्वतंत्र भाग जोडिला. दोघांच्या वयांत छत्तीस-सदतीस वर्षांचे अंतर होते. परंतु नदीने ते मिटवून टाकिले. डव्ह नदीच्या काठी कॉटनने बांधलेल्या छोट्याशा घरावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंतवून कोरलेली आहेत.

माशी बांधणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारीक गळ घट्ट धरून त्यावर मेण लावलेला रेशमाचा धागा गुंडाळितात. त्याच धाग्याने लोकर किंवा केस बांधून किड्याचे अंग तयार करितात. आणि कोंबड्याच्या मानेचे पीस भोवती फिरवून पाय व पंख यांचा भास उत्पन्न करितात. अशी माशी इतकी हलकी असते की, ती एकटी फेकताच येत नाही. म्हणून तिच्या दोरीलाच वजन ठेवितात व दोरी हवेत मागेपुढे लहरवून माशी पाण्यावर अलगद उतरवितात. नदीत असे काही नाजूक कीटक असतात की, त्यांचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली जाते, आणि पंख फुटल्यावर ते एकदोन दिवसच जगतात. त्या घटकेस मासे वर येऊन त्यांवर तुटून पडतात. कोणता कीटक कोणत्या ऋतूत पंख धरितो, हे ज्यास ठाऊक नाही, त्याने बांधलेली सुबक माशीही व्यर्थ होय. याच कारणाने या छंदात शिरलेला मनुष्य हळूहळू कीटकांचा, ऋतूंचा व वाऱ्याचा अभ्यासक बनतो.

सोमेश्वराचा गळ आमिषाचा होता, पिसांचा नव्हता. तथापि मॅसिडोनियातील तो अनाम गळवाला, लंडनचा कापडव्यापारी व कल्याणीचा सम्राट या तिघांस त्यांची आवड एकाच दाराने सापडली. माशाच्या डोळ्यांनी पाण्याकडे पाहणे हे ते दार होय. पुढे इंग्रजी अमदानीत हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने इ. स. १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला व महाशीराची कीर्ती विलायतेस नेली. काश्मीर व निलगिरीच्या थंड ओढ्यांत परदेशी ट्राऊट मासे सोडण्यात आले आणि पिसांच्या माशीसही आपल्या देशात घर मिळाले. त्या काळी पुष्कळांस असे वाटले असेल की, ही विद्या प्रथमच या देशात येत आहे. मानसोल्लास तेव्हा हस्तलिखितांत मिटून पडला होता.

आता या राजावर ठेवण्यात येणाऱ्या आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे; तो टाळिल्यास चरित्र हे केवळ स्तुतिस्तोत्र होईल. सोमेश्वर विद्येत व विनोदात रमला, म्हणून त्याच्या काळी साम्राज्यास उतरती कळा लागली, असे काही इतिहासलेखक म्हणतात. या म्हणण्यास आधार मुळीच नाही असे नाही. त्याच्याच काळात वेंगीचा प्रदेश चालुक्यांच्या हातून निसटला. विष्णुवर्धनाचे बळ वाढत गेले. इ. स. ११३८ मध्ये सोमेश्वर निवर्तला. त्यानंतर त्याचा पुत्र जगदेकमल्ल व मग तिसरा तैलप गादीवर आले. परंतु सोमेश्वरास जाऊन वीस-पंचवीस वर्षे होतात न होतात तोच कलचुरी बिज्जळ या मांडलिकाने कल्याणीची सत्ता बळकाविली. बसवेश्वरांचे कार्य ज्या कल्याणीत झाले, ती या बिज्जळाची कल्याणी होय. बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचे राज्य देवगिरीचे यादव, होयसळ व काकतीय यांच्यात वाटले गेले.

परंतु या पडझडीचा दोष गळाच्या काठीवर टाकणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. मांडलिकांच्या बळावर उभारलेली साम्राज्ये त्या काळी अशीच वाढत व अशीच मोडत. रात्रंदिवस घोड्यावर बसणाऱ्या राजांचीही मोडली. वडिलांच्या काळीच होयसळांची महत्त्वाकांक्षा जागी झालेली होती. शिवाय ज्याने राज्याच्या सप्तांगांवर, कोशावर, दुर्गांवर व न्यायावर वीस अध्याय लिहिले, त्यास कर्तव्याचा विसर पडला होता असे कसे म्हणावे? तथापि आक्षेपात एक कण सत्य आहे, आणि तो विद्यार्थ्यांनी गाठीस बांधावा. कोणताही छंद, मग तो कितीही निर्दोष असो, मनुष्याचा वेळ मागतो. पाण्याकाठची घटका ही घटकेसारखी वाटत नाही. सूर्य केव्हा मावळला ते कळत नाही. ज्यास आपल्या छंदाची चौथी विंशति पहिल्या दोन विंशतींच्या मागे ठेविता येते, त्यास छंद उन्नत करितो; ज्यास ती पुढे घ्यावीशी वाटते, त्याने राजाचा ग्रंथ उलटा वाचला असे म्हणावे लागेल.

सोमेश्वराच्या कीर्तीचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. त्याचे साम्राज्य गेले, राजवाडे मातीस मिळाले. परंतु ग्रंथाच्या प्रती लेखकांनी लिहून ठेविल्यामुळे तो तरला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्री. गजानन श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले. पहिला भाग १९२५ मध्ये, दुसरा १९३९ मध्ये व तिसरा १९६१ मध्ये बाहेर पडला. विख्यात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मत्स्यविनोदावर निबंध लिहून या अध्यायाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधिले. राजाने नोंदलेल्या माशांपैकी कोणता आजचा कोणता, याचा शोध त्यानंतरही अभ्यासक घेत आले आहेत. रणांगणावर जिंकलेली भूमी एका पिढीतही टिकली नाही. नदीकाठी लक्षपूर्वक पाहिलेले मासे नऊ शतके टिकले.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आमच्या मते असा आहे. आवड ही विकत मिळत नाही, आणि कोणी दिल्याने येत नाही. उंची काठी व रेशमी दोरी घेऊन दिली तरी ती येईल असे नाही. साध्या वेळूच्या काठीनेही ती येऊ शकते. एखाद्या वस्तूकडे आपण पुरेसा वेळ पाहत राहिलो, आणि ती वस्तू आपणांस उलट प्रश्न विचारू लागली, म्हणजे आवडीचा जन्म झाला असे समजावे. मग ती वस्तू मासा असो, पक्षी असो, तारा असो, की गणितातील एखादे प्रमेय असो. सोमेश्वराने एका जन्मात शंभर विषयांकडे अशा रीतीने पाहिले, आणि पाहताना राजेपणाचा ताठा बाजूस ठेवून जाणत्यांस विचारिले. शंभर विषय आपणांस झेपणार नाहीत. परंतु एक तरी विषय असा निवडावा, त्याच्यापुढे स्तब्ध बसावे, जे दिसेल ते टिपून ठेवावे, आणि हे सारे दिवसाचे कर्तव्य आटोपल्यावर करावे. मासा लागणे न लागणे हे नदीच्या हाती आहे. पाहणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.